दोन कार्डांमधला फरक

शिरगाव, बदलापूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय मैत्रेयी,

हे पाकीट कंपनीतल्या संतोषच्या हातून तुला मिळेल तेव्हा तू बहुतेक कोल्हापूरच्या लॉजच्या खोलीत लॅपटॉप उघडून तेच कार्ड पुन्हा पहिल्यापासून तपासत असशील. ते आधी मिटव आणि हे वाच. फोन करता आला असता. दोनदा तुझा नंबर काढलाही. पण तू ‘असू दे ताई’ म्हणाली असतीस, आणि तुझं ते ‘असू दे’ कानावर पडलं की माझं सांगणं तिथंच संपलं असतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. शिवाय मी जन्मभर रिपोर्ट लिहीत आले. तोंडानं जे जमत नाही ते कागदावर ओळीनं मांडायचं, एवढं एक वळण मला आहे.

इकडे थंडी बरी पडली आहे. माझ्या गॅलरीसमोरच्या मोकळ्या जागेवर आता टॉवर उभा राहतोय, सकाळचं ऊन गेलंच समज. तुझ्या आईंचे डोळ्यांचे ड्रॉप्स काल उल्हासनगरला नेऊन दिले, त्याबद्दल पुढे लिहिते. वर्कशॉपमध्ये सोनूनं तुझ्या टेबलावर पॅकिंगचे खोके रचले होते. तू परत त्या टेबलावर बसणार नाहीस असं कुणीतरी तिला सांगितलं होतं म्हणे. मी खोके काढायला लावले. तिनं काढले, पण का काढायचे ते विचारलंच.

तुला माझं जुनं कार्ड आठवतं का, असं विचारणं खुळेपणाचं आहे. तू ते माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. पण ते माझ्यासाठी काय होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी अंबरनाथला आले तेव्हा धर्मराजशेठचे वडील फक्त पॅनलचे डबे बनवत. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनसाठी सुरक्षेचं कार्ड बाहेरून यायचं. मी म्हणाले, मी करते. पेन्सिल, चौकटींचा कागद आणि खोडरबर. कामगाराचे दोन्ही हात दोन्ही बटणांवर आहेत, जाळी खाली आहे, तेलाचा दाब बरोबर आहे, मागच्या मशीननं माल पुढे सरकवला आहे, अशी पन्नासेक माणसांची पंचायत भरावी तसे पन्नासेक सिग्नल त्या कार्डात येतात, आणि सगळ्यांचं एकमत झालं तरच प्रेस खाली येतो. ते सगळं मी गेटांनी, म्हणजे हो-नाही ठरवणाऱ्या छोट्या छोट्या भागांनी, हातानं सोडवलं होतं. वर्कशॉपमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायची की या कार्डानं आजवर कुणाचं बोट जाऊ दिलेलं नाही. तुलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू तेव्हा कार्ड दोन्ही हातांत घेऊन उलटंपालटं करून बघितलंस आणि विचारलंस, ताई, यातलं एखादं गेट काढलं तर काय होईल? मी हसले होते. मला वाटलं, पोरगी नवीन आहे.

मग कोल्हापूरच्या कंपनीनं प्रेसचं नवीन मॉडेल काढलं. पॅनलचा डबा निम्म्यानं लहान, माझं कार्ड त्यात मावेना. प्रोग्रामवाली चिप त्यांना चालत नाही. प्रोग्राम कुणीही बदलू शकतो, सुरक्षेचं काम साध्या गेटांचंच हवं, हा त्यांचा हट्ट आणि तो बरोबरच आहे. धर्मराजशेठनी आपल्या दोघींना बोलावून सांगितलं, गेटं कमी करा. मी आठवडाभर बसून चार गेटं काढली आणि हात टेकले. तू माझ्या सर्किटचे छोटे छोटे तुकडे केलेस, आणि प्रत्येक तुकड्यासाठी सॉल्व्हरला, त्या कोडी सोडवणाऱ्या प्रोग्रामला, एकच प्रश्न विचारलास: हेच काम एक गेट कमी वापरून करणारी एखादी जोडणी आहे का? कोणतं गेट कुठं जोडलं जाईल, प्रत्येक इनपुटला काय उत्तर यायला हवं, हे सगळं हो-नाहीच्या अटींमध्ये मांडलंस. सगळ्या अटी एकदम पाळणारी जोडणी असली तर यंत्र ती काढून देतं. नसली तर नाही म्हणतं, आणि ते ‘नाही’ म्हणजे मला सापडली नाही असं नव्हे, कुठेच नाही असं. हे तूच मला समजावलंस, डबा खाता खाता, चटणी बोटानं पोळीला लावत.

तुकड्यामागून तुकडा, यंत्र म्हणत गेलं: आहे, एक कमी चालतं. अजून एक कमी चालतं. मी शेजारी उभी राहून ‘वा’ म्हणत होते. माझं ‘वा’ कोरडं होतं, हे तुला कळलं नसेल, किंवा कळूनही तू दाखवलं नसशील. माझी तीसेक वर्षांची अक्कल ज्यात होती त्या सर्किटमधून तू जवळपास निम्मी गेटं उचललीस. आणि तू ते किती आनंदानं करत होतीस. एकेक गेट निघालं की माझ्याकडे वळून हसायचीस, जणू ते आपल्या दोघींचंच यश. मला मात्र कुणीतरी माझ्या घरातलं सामान, हे लागत नाही, हेही लागत नाही, म्हणून दाराबाहेर ठेवतंय असं वाटत होतं.

आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. ज्यानं कार्ड केलं त्यानं ते तपासायचं नाही. दुसऱ्याला त्या कार्डाची सासू बसवायची, आणि सासूनं सुनेत खोट काढलीच पाहिजे या बेतानं बघायचं. धर्मराजशेठनी तुझ्या कार्डाची सासू मला केलं. सगळे हसले. सोनू म्हणाली, मॅडम, ही सून तर तुमच्याच लेकाला घराबाहेर काढायला निघालीय. तूही हसलीस. त्याच वेळी शेठ म्हणाले होते की हे पास झालं की डिझाइनचं काम मैत्रेयी बघेल, मॅडमनी आता जरा आराम करावा. नाही झालं तर तुला सर्व्हिसला टाकणार, गावोगाव मशीन दुरुस्त करत फिरायला, हे मात्र त्यांनी तुझ्यासमोर सांगितलं नाही. मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. तेव्हा मला काय वाटलं तेही लिहिते. मला हलकं वाटलं.

तपासायची रीत तुझीच वापरली. जुनं कार्ड आणि नवं कार्ड, दोघांना एकच इनपुट द्यायचा. दोघांची उत्तरं वेगळी आली तरच लागेल असा एक दिवा शेवटी जोडायचा. मग सॉल्व्हरला विचारायचं: हा दिवा कधी लागू शकतो का? एकेक करून सगळे इनपुट बघायचे म्हटलं तर जन्म पुरायचा नाही, यंत्राला मात्र क्षणभर पुरतं. मी विचारलं. उत्तर लगेच आलं: हो, लागतो. एका ठिकाणी.

मी खुर्चीतून उठले. मैत्रेयी, मला इतका आनंद झाला की मी स्वतःशी हसत चहा करायला गेले. चहा घेऊन आल्यावर तो इनपुट नीट वाचला. प्रेस वर असल्याचा स्विच चालू, आणि खाली असल्याचाही स्विच चालू. एकाच वेळी. मशीन एकदम वर आणि खाली असू शकत नाही. एखादा स्विच अडकून असं झालंच, तर कार्डाच्या आधीचा रिले पूर्ण मशीन बंद करतो, म्हणजे हे सिग्नल कार्डापर्यंत पोचतच नाहीत. तू हे मला दिलेल्या टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतंस. ती अट सॉल्व्हरला द्यायची मी विसरले होते. विसरले, की विसरायचं ठरवलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आणि तो रिले? तो मीच बसवायला लावला होता. त्याच्याबद्दल मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच वेळी शेठ दारात आले आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणाले, एका ठिकाणी दोन्ही कार्डांची उत्तरं वेगळी येतात. वाक्य खरं होतं. मी तेवढंच बोलले. पुढचं अर्धं वाक्य, की त्या ठिकाणी मशीन कधी जाऊच शकत नाही, ते मी तोंडात धरून ठेवलं. शेठ म्हणाले, “बघा. शेवटी अनुभव तो अनुभव.” आणि मी मान हलवली.

त्यांनी माझ्यासमोरच तुला कोल्हापूरला फोन लावला. स्पीकरवर. मला वाटलं तू भांडशील, कुठलं ठिकाण म्हणून विचारशील, टिपण वाचलं का म्हणशील. तू भांडली असतीस तर मी तिथंच कबूल केलं असतं, असं मी स्वतःला किती दिवस समजावलं.  तू मात्र म्हणालीस, “ताईंना दिसलं असेल तर असणारच. मी परत सगळं बघते.”

त्यानंतर मी जे केलं ते आणखी वाईट. गप्प बसले असते तरी एक वेळ समजण्यासारखं होतं. मी शोधायला लागले. तुझ्या कार्डात खरीखुरी चूक सापडली की माझं अर्धं वाक्य आपोआप पूर्ण खरं होईल, असा माझा हिशेब होता. मग मी खोटं बोलले असं राहणार नाही, फक्त थोडं आधी बोलले एवढंच. स्विचची अट घातली, विचारलं. दिवा लागत नाही. माझ्या हातूनच काही चुकलं असेल म्हणून सगळी मांडणी पुसून नव्यानं लिहिली. दिवा लागत नाही. दुसरा सॉल्व्हर आणला. तोही नाही म्हणाला. यंत्र नाही म्हणताना त्याची सिद्धता लिहून देतं आणि ती तपासायला वेगळा प्रोग्राम असतो. तो चालवला, सिद्धता खरी निघाली. मग मी प्रत्येक वायर एकेक करून तुटली आहे असं धरून बघितलं, कुठल्या परिस्थितीत तुझं कार्ड माझ्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरतं का. उलट दोन ठिकाणी माझंच ठरलं. गेटं जास्त म्हणजे बिघडायला जागा जास्त, इतकं साधं.

या सगळ्यात दिवस जात होते. शेठनी कंपनीला कळवायला घेतलं होतं की नवीन कार्ड होत नाही, डबाच मोठा करा. मी रोज ऑफिसला जात होते, रोज डबा खात होते. वर्कशॉपमधला जगदीश विचारायचा, मॅडम, सासूबाईंनी केलं का सुनेला पास, आणि मी बघतेय अजून, म्हणायची. ते बघणं कशासाठी चाललं होतं, ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

काल आईंकडे गेले. ड्रॉप्स देऊन लगेच निघणार होते, त्यांनी निघू दिलं नाही. तांदळाची भाकरी केली, सुकट केली, आणि मला ताटावर बसवून स्वतः समोर बसल्या. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा. तुझा विषय निघालाच. तू सारखी फोनवर सांगतेस म्हणे, की झोप नाही, काम पहिल्यापासून करतेय. मी म्हटलं, काळजी करू नका, होईल नीट. आई म्हणाल्या, “मी कशाला काळजी करू. ती म्हणते, ताईंनी चूक पकडली म्हणून बरं, नाहीतर माझ्यामुळं कुणाचा तरी हात गेला असता.”

मैत्रेयी, हातातला घास मी ताटात परत ठेवला.  मी समजत होते की मी तुझी खुर्ची अडवून धरली आहे. तू तिकडे बसून एका न तुटलेल्या हाताचं ओझं वाहतेयस, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आईंनी अजून भाकरी वाढली. मी नाही म्हणाले तर म्हणाल्या, तुमच्यामुळं पोरगी टेबलाखुर्चीवर बसली, एवढी तरी खा. मी खाल्ली. त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही, कारण त्यांना अजून नीट दिसत नाही, आणि याचंही मला बरं वाटलं. बाहेर येऊन कॅम्पातल्या त्या रस्त्यावर, फर्निचरच्या दुकानांसमोर, रिक्षावाले कुठं जायचं विचारत होते आणि मी तशीच पुढे चालत राहिले.

आज शेठनी वांगणीच्या फार्महाऊसवर वालाच्या शेंगांची पोपटी ठेवली होती. कोल्हापूरहून संतोष आलेला, त्यांच्या खरेदी खात्याचे साहेबही आले होते. मी अशा ठिकाणी जात नाही, शेठना ठाऊक आहे. मला दारात बघून ते खुश झाले आणि खुर्ची मागवली. मडकं नुकतंच जाळात उलटं ठेवलेलं, भोवती सगळे गप्पा मारत होते. मी बसले नाही. मला वाटलं, बसले तर वाल खाऊन, हात पुसून घरी जाईन. उभ्यानंच बोलले. म्हणाले, “शेठ, मी सांगितलेला फरक हा फरक नव्हता. मशीन तिथं कधी जात नाही. मला तेव्हाही माहीत होतं.”

 शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग पाहुण्यांकडे, मग परत माझ्याकडे. अगदी हळू म्हणाले, मॅडम, हे उद्या ऑफिसात बोललो असतो. मी म्हणाले, उद्या मी बोलले नसते. संतोषनं मान खाली घातली होती. माझ्यासाठी त्यालाच लाज वाटत होती, आणि ते बघणं फार अवघड होतं. तो माणूस मला गेली कितीतरी वर्षं वाकून नमस्कार करतो. खरेदीवाल्या साहेबांनी मात्र कामाचं विचारलं: मग कार्ड होणार की नाही? मी म्हणाले, कार्ड झालेलं आहे. सहीचा रिपोर्ट पिशवीत होता, तो त्यांच्या हातात दिला. शेठनी तो त्यांच्याकडून घेतला, वाचला, घडी केली आणि खिशात घातला. मला चहा विचारला. पोपटी खाऊन जा असं म्हणाले नाहीत. मीही थांबले नाही. डिझाइनचं काम तुझं, असं त्यांनी फाटकापाशी येऊन सांगितलं. माझं काय, ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तू मला माफ करावंस म्हणून मी लिहीत नाही. तू ते लगेच करशील, मला माहीत आहे, आणि म्हणूनच मागायला लाज वाटते. रागावलीस तर मला बरं वाटेल. नाही रागावलीस तरी आईंना खरं काय ते तू सांग. मी त्यांच्यासमोर जाऊन सांगेन, पण आधी तुझ्याकडून त्यांना कळू दे, म्हणजे त्यांच्या ताटावर मी पुन्हा तशी बसणार नाही.

लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. शेठ तुला फोन करतील, कार्ड पास झालं म्हणतील, आणि मी तुला ओळखते, तुझा विश्वास बसणार नाही. एकदा चूक आहे म्हणाले, आता नाही म्हणतात, ताईंना माझी दया आली असेल, असं तुला वाटेल आणि तू रात्री पुन्हा लॅपटॉप उघडशील. पुढे तुझं कार्ड एखाद्या प्रेसवर चढेल, समोर कुणीतरी दोन्ही हात बटणांवर ठेवून उभा असेल, आणि तू त्या हातांकडेच बघत राहशील. तसं होऊ नये म्हणून मी तुला माझ्या मनात काय होतं ते सगळं उघडं करून दाखवलं. तुझ्या बाजूच्या माणसानं हे कार्ड तपासलेलं नाही. ज्या बाईला त्यात चूक सापडायलाच हवी होती, जिची खुर्ची, जिची अब्रू त्या एका चुकीवर टेकलेली होती, तिनं ते तपासलं आहे. तिनं काही सोडलं नाही. तिला काही मिळालं नाही. आता लॅपटॉप बंद कर आणि झोप.

तुझीच म्हणवून घ्यायची आज हिंमत होत नाही, तरी तुझीच,
वृंदाताई